चौसाळा वळणावरील बंद दिव्याबाबत

मी, हरिओम शिवशंकर नागरगोजे, वय ३४ वर्षे, धंदा खाजगी नोकरी, रा. घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगतो की,

मी एका ठेकेदार कंपनीत रस्त्यावरची वाहने टिपणाऱ्या यंत्रांची देखभाल करतो. चौसाळ्याच्या अलीकडे वळणावर मेंढरे रस्ता ओलांडतात, तिथे असे एक यंत्र आहे. गाडी जवळ आली की ओलांडणाऱ्यासमोर लाल दिवा लागतो, गाडी नसेल तर दिवा बंद. तिथल्या मेंढपाळांना हे समजावून सांगायला मीच गेलो होतो. "दिवा बंद असला की बिनघोर जावा," असे मी म्हणालो होतो.

एप्रिलमध्ये कोणत्या यंत्राची देखभाल कशी करायची यावर बैठक झाली. यंत्रे एकोणसाठ, देखभालीला फिरणारी माणसे चार. आमचे इंजिनिअर सोमनाथ साहेब म्हणाले, "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. तक्रारी जास्त तिथं दर महिन्याला जायचं, बाकी ठिकाणी तक्रार आल्यावर." वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांच्या तक्रारी रोज येतात, कारण दंड बसलेला माणूस गप्प बसत नाही. या वळणाची एकही तक्रार नव्हती. यादीत त्यापुढे "तक्रार आल्यावर" हे मी माझ्या हाताने लिहिले. यंत्र मेले तरी दिवा बंदच दिसणार, मग तक्रार करणार कोण? हे बैठकीतल्या सात शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. त्या सातांत मी होतो.

चालू महिन्याच्या दि. ९ रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास सत्यभामा हरिबा गडदे, वय ५२, या कळप घेऊन ओलांडताना ट्रकखाली सापडून मयत झाल्या. मी दहा वाजता पोहोचलो. पंचांसमोर यंत्राची पेटी उघडली. आतली तार उंदरांनी कुरतडली होती. यंत्रातली शेवटच्या वाहनाची नोंद अकरा दिवसांपूर्वीची होती. म्हणजे अकरा दिवस या महामार्गावरून एकही गाडी गेली नाही, असे यंत्राचे म्हणणे. तार जोडायला पाच मिनिटे लागली असती.

दुपारी सोमनाथ साहेबांचा फोन आला. "दिवा चालू होता, बाईनं बघितलं न्हाई, एवढंच सांग. उगं शहाणपणा करू नको बे." तसे मी सांगणार नाही. नोकरी गेली तर जाऊ द्या.

मयत बाईंचे पती हरिबा कळपाच्या मागे होते, त्यांना तिथून दिवा दिसत नव्हता. ते मला म्हणाले, "दिवा लागला आसंल हो. मशीन कावून खोटं बोलंल? हिचंच ध्यान नसंल. लई घाई करायची." मला लाज वाटली, पण त्यावेळी मी तोंड उघडले नाही. म्हणून इथे सांगतो की सत्यभामाबाईंची काहीही चूक नव्हती. दिवा बंद होता. त्यांनी तो बघितला आणि मगच पाऊल टाकले, असे माझे ठाम मत आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मी बोललो तसाच लिहिला आहे. हाच मजकूर हरिबा गडदे यांनाही मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती. त्यांना वाचता येत नाही, आणि ते अजून बायकोलाच दोष देत आहेत.