पलंगासकट परदेशी

"आजी, कुणाला पटणार नाही, पण आमच्या मॅडमनी एका सासूबाईंना झोपेतच परदेशी नेऊन ठेवलंय."

व्हिसाच्या कचेरीत माझ्या बाकावर बसलेला, घरं हलवून देणाऱ्या एका मॅडमकडचा म्हातारा पॅकर शेजारच्या सासू-सुनेला सांगत होता. मुलाची परदेशी बदली झालेली, आणि सासू ऐनवेळी अडून बसलेली.

"समजवा हो काका. आई आल्या नाहीत तर हे बदलीच नाकारतील."

"नाकारू दे. परक्या घरात मला रात्री दिव्याचं बटणही सापडायचं नाही."

"तेच तर मॅडमचं काम, आजी. पूर्वी कंपन्या माणूस आणि खोकी पाठवून हात झटकायच्या. घरच्यांचा जीव रमला नाही की माणूस परत येतो, हे आता त्यांना कळलंय. मॅडम आधी येऊन खोली बघून जातात. पलंग कुठल्या भिंतीला, बटण कुठल्या हाताला. तिकडे हुबेहूब तसंच मांडतात."

"चपलासुद्धा?"

"उजवी जरा तिरकी असेल, तर तिरकीच."

"बाई लाखात एक दिसते."

"अहो, त्या सासूबाई इथे झोपल्या, आम्ही पलंगासकट उचललं. सकाळी तिकडे डोळे उघडले आणि म्हणाल्या, 'सूनबाई, चहा टाक.' विमानात बसल्याचं त्यांना अजून माहीत नाही."

"काका, साफ थाप मारताय. झोपलेल्या बाईने इथे येऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे कसे दिले? मी तर जागेपणीच देणार आहे. चल गं, आपला नंबर पुकारला."