साळवे सरांनी कोरे सोडलेले शब्द

सुमनकाकू, साळवे सरांचे विद्यार्थी, शेजारी, मित्र, सगळ्यांना जय भीम. मला नीट बोलता येईल का, खात्री नाही. रडू येतंय म्हणून नाही. राग येतोय म्हणून.

माझ्या आधी आपले प्रकाशक गायके साहेब बोलले. सरांचा इंग्रजी-मराठी शब्दकोश पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात काढू, म्हणाले. शोकसभा आहे हे विसरून तुमच्यापैकी काहींचे हात टाळीसाठी उठले. मी वंदना, त्या कोशाची सहसंपादक. माझ्या सहीशिवाय तो छापता येत नाही. आणि ती सही मी अजून केलेली नाही. का, ते ऐका.

सरांना अवघड शब्दांचं वेड. वाघ-सिंह कुणीही सांगेल, म्हणायचे. फुलंब्रीसारख्या गावातल्या पोरीला परीक्षेत जर्बोआ आला, तर तिनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? प्राणी, शंखशिंपले, मनोरे, असले आडवळणाचे शब्द त्यांनी शेवटी ठेवले. तिथंच गाडी अडली.

गायके साहेबांनी ती पानं कॉम्प्युटरकडून भरून आणली. जर्बोआ, उंदीर. व्हेल्क, शंख. कॅम्पनीली, मनोरा. बार्टिझन, बुरूज. झालं काम! सर दवाखान्यात होते, नाकाला नळी. मी प्रुफं दाखवली, तर पेन मागितला.

म्हणाले, "वंदना, मनोरा म्हणलं की आपलं पोरगं दौलताबादचा चांदमिनार डोळ्यासमोर आणील. तिथं घंटा हाय का?" मनोरा खोडला. लिहिलं, चर्चशेजारी वेगळा उभा असलेला घंटेचा मनोरा. उंदराच्या आधी लिहिलं, वाळवंटातला, मागच्या लांब पायांवर उड्या मारणारा. मग शंख खोडला. बुरूज खोडला. आणि पुढं काहीच लिहिलं नाही.

मी म्हणाले, सर, व्हेल्क म्हणजे शंखच आहे की. लई चिडले. "शंख तर सगळेच. कोळणीकडं त्याला नाव असंल, तिला विचारलंस का? बुरूज जमिनीवरून उठतो. हा बार्टिझन तर भिंतीच्या कोपऱ्याला वर लटकतो. किल्ल्यावरच्या गवंड्याला विचारलंस का? आपण विचारलं नाय, म्हणून मराठीत नावच नाय, असं छापायचं व्हय?"

विचारायला जायचं राहिलं. सरच गेले.

गायके साहेब, मान खाली घालू नका. तुमचंही खरं आहे. कोऱ्या जागांचा कोश गुलमंडीच्या बाजारात कोण विकत घेणार? पण वर नाव कुणाचं छापणार? सरांचंच ना? मग सरांनी स्वतःच्या हातानं खोडलेलं सरांच्याच नावावर कसं खपवायचं? आता ते नाही म्हणायला उठणार आहेत का?

काकू, मला भीती आहे ती तुमची. ह्यांचं पुस्तक एकदा हातात द्या, एवढंच तुम्ही मागितलंत. मी अडवलं तर कदाचित ते निघायचंच नाही. मग मी कोण अडवणारी? तुम्ही सांगा. कोऱ्या जागा भरा म्हणालात, तर इथंच सही करते.

काय म्हणता? थांबा, माईक देते. नको? बरं. मागं ऐकू गेलं का? मी सांगते. काकू म्हणतात, "त्यांना जे आलं नाय, ते आलं नाय म्हणूनच छापा. मला तसंच पायजे."

गायके साहेब, आता तुमची पाळी. उत्तर लगेच देऊ नका. आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं कुणीही बोलणार नाही. तेवढ्यात ठरवा.

सर, जय भीम.