माझे दोन स्पीकर आणि संत्र्याएवढा गोळा

...आणि वर मला विचारतो, "भावोजी, ही खोकी अजून इथंच?" खोकी! तुम्हाला सांगतो, मेव्हणा नसता ना, तर दारातूनच परत पाठवला असता. अहो, स्पीकर आहेत ते! प्लायवूड मी स्वतः कापलं, आत उशीतला कापूस भरला (बायकोच्या उशीतला, पण तो विषय आत्ता नको) आणि दोघांची उंची अशी मोजली की केसाचा फरक सापडायचा नाही. सव्वीस वर्षं टीव्हीच्या दोन बाजूंना उभे आहेत, द्वारपालांसारखे. आणि आवाज? कान पाहिजेत हो, कान!

तसं आमच्या घरानं कमी पाहिलंय का? वडिलांचा रेडिओ होता, त्याला थापट मारल्याशिवाय बातम्या पुढे सरकायच्या नाहीत. मग टेपरेकॉर्डर आला, तो टेप खायचा आणि आम्ही पेन्सिल घेऊन त्याच्या पोटातलं बाहेर काढत बसायचो. मग मुलीनं पाच स्पीकरांचा संच आणला. सिनेमा लावला की सोफ्यामागून गोळ्या सुटायच्या! बायको एकदा चहाच्या ट्रेसकट खाली बसली होती. पुढे मुलगी तो संच घेऊन तिच्या घरी गेली, माझे दोघे मात्र जागचे हलले नाहीत. रोज संध्याकाळी टीव्हीवर गाणी लावायची, डोळे मिटायचे आणि आवाज कसा आला ते तारखेनिशी वहीत लिहायचं... हसा, हसा. कान पाहिजेत!

तर मेव्हण्यानं खिशातून काय काढावं? संत्र्याएवढा गोळा, बिनतारी स्पीकर म्हणे! म्हणे, "भावोजी, हा तुमच्या दोघांना भारी आहे." मी म्हटलं, डोळे झाकून फरक सांगतो. तेवढ्यात आतून बायको आली. तिचं शिलाई मशीन सव्वीस वर्षं पलंगाखाली, रोज ओढून काढते, पाठ धरते, पुन्हा ढकलते. म्हणाली, "सांगितलात तर मी जन्मात बोलणार नाही. नाही सांगता आलं, तर त्या जागेवर माझं मशीन." आता माघार घेणार कोण?

चादर टांगली. पलीकडे मेव्हणा, अलीकडे मी, मांडीवर वही. पहिलं गाणं वाजलं. मी लिहिलं, 'पत्र्याचा डबा.' मग तेच गाणं पुन्हा... आहाहा! तुम्हाला सांगतो, छातीत घुमलं! मी ओरडलो, "हे माझे! ही खोली, हा भारदस्तपणा! कान पाहिजेत रे, कान!"

मग चादर खाली आली. मेव्हण्याच्या तळहातावर तो गोळा.

"भावोजी... दोन्ही वेळा हाच होता."

"आणि माझे?"

"तुमच्या दोघांना तारा कुठायत?"

बायकोनं टेबलाचा खण उघडला. आत तारा, नीट गुंडाळून, वर रबरबँड! "रंगकाम झालं तेव्हा काढून ठेवल्या होत्या. म्हटलं, मागाल तेव्हा देईन. तुम्ही मागितल्याच नाहीत."

रंगकाम! अहो, त्याला चौदा महिने झाले!

"मग रोज वाजत काय होतं?"

"टीव्ही," ती म्हणाली. "त्याला स्वतःचा आवाज असतो ना."

एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही! तिनं माझ्या मांडीवरची वही उचलली आणि माझ्याच आवाजात वाचायला लागली, "'तीन तारीख. डावा आज जरा जास्त मोकळा वाटला.' 'अकरा तारीख. रंगकामानंतर दोघांचा आवाज फारच खुलला आहे.'" मेव्हणा सोफ्यावर लोळत होता. लोळत! आणि ही वही मिटून मला म्हणते, "कान आहेत हो तुम्हाला. तारा नव्हत्या."

पण बायकोनं स्पीकर टाकले नाहीत, बरं का. टीव्ही भिंतीवर गेला, दोघांना जरा जवळ सरकवलं, वर फळी टाकली आणि फळीवर मशीन. म्हणते कशी, "काय नेमकी सारखी उंची केलीत! जरासुद्धा डुगडुगत नाही." सव्वीस वर्षांत माझ्या स्पीकरांचं तिनं केलेलं हे पहिलं कौतुक.

आता संध्याकाळी ती शिवत बसते, मी समोर बसतो. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका... मशीन धडधडायला लागलं की दोन्ही खोकी आतून काय घुमतात! डावं जरा जास्त.

वहीत लिहून ठेवलंय. कान पाहिजेत हो.