कोपरा फाटलेलं कार्ड

हॅलो?

…हॅलो? … हॅलो व! … कोनीच नाही बोलून राह्यलं, मुनीमजी. नुसती माशी भुनभुनते यात. … उलटं? … हां, हां. हे कानाले आन हे तोंडाले. बरं.

हॅलो? … कोन? वाशीमची कापसाची पिरेस का? … रामकिसन भाऊजी! नमस्कार भाऊजी, मी पंचफुला. … तुमची साळी! … कारंज्याहून, हो. … नाही, नाही, माही तब्येत बरी हाये. तुळसाबाईले द्या. … तितंच उभी हाये ना? मंग द्या ना तिले, तीनच मिन्टं भेटतात म्हने.

बाई? … बाई व! … हो, मीच. … हो, मोठ्यानंच बोलून राह्यली, अजून किती मोठ्यानं बोलू? … अवं रडू नको, मंग मलेबी रडू येते आन वखत तसाच जाते.

आंधी एकच सांग. बाबा हाये ना? … हाये म्हंजे जिता हाये ना, म्हनतो मी! … काहून म्हंजे? … तू सांग आंधी, काहूनचं मंग सांगतो!

काय? … तुह्यापाशी? आता? … तितं पिरेसमधीच उभा हाये? … कायले आला? … गुडघ्याच्या दवाईले. … दे, दे त्याले. दे ना व!

बाबा? … बाबा, मी! … पंचफुला! … अरे बाबा, मी त्या डब्ब्यात नाही बसेल, मी कारंज्यातच हाये. तारीतून बोलून राह्यली. … हो. … हो, जेवली. … वांग्याची केली होती. … बाबा, तू बोल. काहीबी बोल. … गायीचं सांग. … व्याली? गोऱ्हा का कालवड? … तांबडी? कपायावर चांद? … नाही रे, रडून नाही राह्यली, यातून आवाजच असा येते. … हो, येईन. … येईन ना. दे बाईले.

हां, बाई. … थांब, जरासा पदर लावतो डोयाले. … मुनीमजी, थोडं जास्त होऊ द्या ना, हात जोडतो.

आइक. कार्ड आलं. … कोनाचं ते तं ठाऊक नाही! म्हनूनच तं… अवं आइक ना! आज चार दिवस झाले. दुपारची भाकर थापून राह्यली होती मी. पोस्टमननं उंबऱ्यातून कार्ड टाकलं आन सायकल पुढे. पाह्यतो तं कोपरा फाटेल! … हो ना. … चांगला बोटभर. … मयताचंच ना मंग, दुसरं कायचं राहीन?

वाचलं नाही. … अवं मले कुठं वाचता येते! आन हे कामावर. … पोस्टमन कुठं थांबला? … शेजारी? शेजाऱ्याकून काय वाचून घेतो! मागं पोयाच्या सनाले तुही चिठ्ठी आली, पोस्टमननं दारात उभं राहून वाचली, सारी लाइन आइकून राह्यली. तू लिहेल होतं ना, 'पंचफुलाले अजून काही नाही का?' … हो, तेबी वाचलं त्यानं. चांगलं ठसक्यात वाचलं.

तं मी काय सांगून राह्यली होती? … हां, कार्ड. आपली माय होती तवा सांगे ना, कोपरा फाटेल कार्ड घरात ठेवू नये, वाचलं की फाडा. … हो, वाचलं की. मले माहीत हाये वाचलं की. पन त्या वखताले मले 'फाडा' तेवढंच आठवलं.

मोरीत. … बारीक तुकडे. … वरून घागरभर पानी. … बोल. बोल, तू तरी शिव्या दे. यायनं तं त्याबी नाही देल्या. संध्याकायी आले, मी सांगतलं, टोपी खुंटीले लावली आन हातानं मोरी उपसत बसले. एक तुकडा भेटला. … त्यावर राजाचं डोकं. … तिकिटावरचं व! ठप्पा होता, पन पान्यानं पसरून गेला. मुनीमजीनं भिंग लावून पाह्यलं, काहीच नाही लागलं.

हे म्हने, माही माय गेली. मी म्हटलं, माहा बाबा गेला. … नाही व, भांडन कायचं? भांडन झालं असतं तं बरं झालं असतं, घरात कोनी बोललं तरी असतं. हे या भितीले तोंड करून, मी त्या भितीले. एका खोलीत दोन मयती.

आन रडाले कोनी नाही, बाई. आपल्याकडे कोनी गेलं का आंगन भरते. भाकरी येतात घराघरातून, नको म्हटलं तरी कोनी घास तोंडात घालते. इथं एक शेजारीन आली. दोन सालात पह्यल्यांदा आली. दारातून म्हने, 'कोन वारलं?' मी म्हटलं, ठाऊक नाही. … मंग काय सांगू? … पाह्यतच राह्यली माह्याकडे. आता नावच ठाऊक नाही तं लोक रडतीन कोनासाठी? घडीभर थांबली आन गेली. … नाही, माहं नावबी नाही माहीत तिले. 'पाच नंबरवाली' म्हनते मले.

जाचं कुठं पन? यायची माय शिरपूरले, मावळतीकडे; माहा बाबा मानोऱ्याले, खाली. लढाईपायी मोटर दिवसाआड, तेबी कोयशावर चालते, चढ आला का मानसं उतरून ढकलतात. आन हंगाम जोरात हाये, कापसाच्या गाड्या फाटकापावतर लागेल हायेत. हे सुट्टी मांगाले गेले. साहेब म्हने, कोन मेलं? हे म्हने, माहीत नाही. साहेब म्हने, माहीत झालं का ये. … हो ना! … मंग मुनीमजीले दया आली, त्यायनं हे जिनाच्या हापिसातल्या टेलीफोनचं जमवलं.

हो, हो… बाबा खुशाल हाये, आइकलं ना मी. … नाही, खुशी झाली. काहून नाही होईन? नाचाव वाटलं मले. …

मंग आता राह्यलं कोन, बाई?

…

बोल ना. … हे बाहेरच उभे हायेत. खिडकीतून दिसून राह्यले, तितं गाठींपाशी. … आत नाही येत. म्हने, तू आइक आन मले सांग. … बाई, डोकं करून टाकलं त्यायनं. … हो! परवा. मले न सांगता न्हाव्याकडे गेले. मिशाबी उतरून आले. म्हने, बाप गेला तवा मी ल्हान होतो, काही करता नाही आलं, मायचं तरी करू दे. … मी काय म्हनाव? मी म्हटलं, घाई कायले करता, माहा बाबा गेला असन. असं म्हटलं मी, आपल्या तोंडानं. जसं मले बाबा जास्त झाला होता.

म्हनून आता सांगून टाक. लपवू नको. रंगूबाई… माही सासू… कवा गेली?

काय? … पुन्हा सांग. … काल? तुह्यापाशी? … जेवली? तुह्या घरी जेवली? … बाई, तू शिरपूरच्याच रंगूबाईचं सांगून राह्यली ना? … गालावर मस? … भाकरीसंगं दोन कांदे, आन ठेचा फिका हाये म्हनून नावं ठेवली? … हो, तेच! तेच व माय!

थांब. मले बसू दे. … काही नाही, मुनीमजी. … पानी नको.

मंग कार्ड कोनाचं? … तिचंच? … आन कोपरा? … सोता? … सोताच्या हातानं फाडला? … कायले पन!

हो. … हो, म्हटलं होतं. मी तितंच होती. आमी गाडीत बोचकी टाकून राह्यलो होतो आन बुढी ओट्यावरून म्हने, 'जाता तं जा. आता माह्या मरनालेच येजा.' … यायनं? बैलं हाकलली. … पन मनात धरून ठेवलं ना! दोन सालात मी चारदा म्हटलं, चाला, पोयाले जाऊन येऊ, दिवाळीले जाऊ. हे म्हनत, मायनं जवाचं सांगतलं तवाच जाऊ. … तिचाच तं पोरगा हाये. … आन बुढीले बलावाचं तं होतं, पन बोलेल शब्द मांगं घ्याचा नव्हता. म्हनून कार्डाचा कोपरा फाडून मरून गेली. वारे सासू!

…हासू नको व. … नाही? रडून राह्यली? … काय झालं? … सांग ना.

रोज? … मोटर नसते त्या दिवशीबी? … फाट्यावर? … सात दिवस? … सात दिवस बुढी फाट्यावर येऊन बसते? … लोक काय म्हनतात? … आन काल वाशीमले कायले आली होती? … रेल्वेनं आले असन म्हनून. … टेसनावर पाहून आली, मंग तुह्याकडे.

काय म्हने? … 'माहा पोरगा माह्या मरनालेबी नाही आला.'

…

हो, हाये मी. आइकून राह्यली.

नाही, पन तसं नाही ना व बाई! हे तं… आता कुठं हाये बुढी? … सकायीच परत गेली? … काहून? … उद्या अवस हाये म्हनून? … नदीवर? … चार मानसं बलावून? … पोराच्या नावानं पानी सोडन म्हने? … जित्या पोराच्या? … आन तू जाऊ कशी देली तिले! … हो, नाही आइकत कोनाचं. माहीत हाये मले.

आता माहं आइक. आज कोनी जानार हाये का शिरपूरले? इचार भाऊजीले. … लखीरामची गाडी? … सरकी घेऊन? … कवा पोचन? … सकायी उजाडता. बरं. निरोप धाड त्याच्याजवळ. सांगजो, कार्ड आमी वाचलंच नाही. पंचफुलानं फाडलं. … माहं नाव घेजो. नाही, माहंच घेजो, यायचं घेऊ नको. बुढीले माह्यावर चिडाची सवय हाये. … सांगजो, पोरगा चार दिवस भितीकडे तोंड करून बसला होता. जेवला नाही. … डोक्याचं नको सांगू. माय जिती आन पोरानं डोकं केलं, अपशकुन मानन ते. … नाही, थांब. सांग. डोक्याचंच सांग. त्याबिगर तिले पटाचं नाही.

आमी निंगतो. चारची मोटर हाये आज, तुमच्या वाशीमकडच्या मालेगावपावतर. … मंग शिरपूरपावतर पायी जाऊ. … सुट्टी? कायची सुट्टी! आता साहेबाले काय सांगू, कोनीच नाही मेलं म्हनून सुट्टी द्या? … नाही देली तं नाही देली.

हो, मुनीमजी, आइकलं. त्या टेलीफोन जोडनाऱ्याले म्हना आदकं मिन्ट. एवढंच.

बाई, एक राह्यलं. कार्डात काय लिहेल होतं? तुले सांगतलं का तिनं? … जगदेव मास्तरकून लिहून घेतलं. हो. काय? … जोरानं बोल! … 'मी खुशाल हाये.' … 'मी खुशाल हाये, भेव नको.' … आन पुढे? … हो, 'भेव नको', पुढे? … बाई? … पुढे काय होतं व? … हॅलो? … बाई! … हॅलो?

मुनीमजी, काहीच नाही येऊन राह्यलं यातून. … कटलं? … पुन्हा नाही लागत? … बरं. … हे कुठं ठेवू? इथं? … लय उपकार झाले तुमचे.

अवो! … आत या. … या ना, कोनी काही नाही म्हनत. … बाबा खुशाल हाये माहा. … थांबा, आइकून तं घ्या! खाली नका बसू असे. … मायनंच धाडलं होतं ते कार्ड. तुमच्या मायनं. 'मी खुशाल हाये, भेव नको,' असं लिहेल होतं त्यात. … खरंच. … पुढचं मले नाही ठाऊक. पुढचं तिलेच जाऊन इचारू, उठा.