क्रेनवरची सून

चाकणच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या आजी एका अनोळखी बाईला सांगत होत्या.

“सून कंपनीत क्रेन चालवती. कूस बदलली की घर गरगर फिरायचं तिला.”

“अशक्तपणा असेल.”

“मीबी तेच म्हणले. डॉक्टरीणबाईंनी मान वळवून झटकन आडवं केलं, तर डोळे थरथरले. कानातले तोल सांभाळणारे बारीक कण जागेवरून सरकले होते.”

“मग ऑपरेशन?”

“न्हाई! डोकं टप्प्याटप्प्यानं वळवलं, कण परत जागी बसले. तरी कंपनीतले साहेब म्हणाले, आता खाली टेबलाचंच काम कर.”

“बरंच की.”

“ती म्हणली, बरी झाल्याची डॉक्टरची चिठ्ठी आणते आन् क्रेनवरच चढते.”

इतक्यात सून तपासणी करून बाहेर आली.

“आई, चिठ्ठी मिळाली!”

“मला कुठं वाचता येतंय? मोठ्यानं वाच. समद्यांना ऐकू दे.”