आप्पांच्या टर्कीचे डोळे

माझ्या नशिबाचं काय सांगू तुम्हाला! आमच्या आप्पांनी रोह्यात लाडाने वाढवलेला टर्की कोंबडा मेला आणि आप्पांनी जेवणच सोडलं. म्हटलं, पेंढा भरून आणतो, निदान ओटीवर उभा तरी दिसेल. पेंढा भरणारा मुंबईचा. फोनवर एकच बोलला, "पिसं कोरडी आणि जशीच्या तशी आणा."

बर्फाच्या पेटीत घालून निघालो. पेण येईपर्यंत बर्फ वितळला, पिसं चिंब. जवळच जोह्यात माझा मामेभाऊ गणपती रंगवतो, त्याचा कारखाना गाठला.

"दे इकडं, पंख्याखाली सुकवतो," तो म्हणाला. "तू घरी जेवून ये."

जेवून आलो तर टर्की चकाकतोय! पिसारा सोनेरी, चोच लालभडक.

"अरे, हे काय केलंस?"

"सुकल्यावर फिका वाटला रे. वाटेत खराब झालेली मूर्ती आम्ही गिऱ्हाइकाला तशीच देतो काय? डोळे तर मी स्वतः आखलेत, बघ."

मिटलेल्या पापण्यांवर दोन टपोरे, शांत डोळे!

आता मुंबईला कुठल्या तोंडाने जाणार? तसाच घरी आणला. आप्पा त्या डोळ्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग उठले, डोक्यावर टोपी घातली आणि म्हणाले,

"चला, विसर्जन करून येऊ."