वाण परत मागणारी बाई

समारंभाच्या अध्यक्ष निशिगंधाताई, मधोमध बसवल्यामुळे अवघडलेल्या आपल्या चिटणीस उर्मिलाताई, त्यांना बदलीच्या निमित्तानं नाशिकला घेऊन चाललेले उत्तमराव, महिला मंडळाच्या भगिनी, आणि नाश्ता कधी येतोय म्हणून दाराकडे बघणारे मागच्या रांगेतले बंधू, सर्वांना नमस्कार.

उर्मिलाताई मनमिळाऊ आहेत, असं आत्तापर्यंत चौघींनी सांगितलं. मनमिळाऊ माणसं आपल्या पूनम सागर सोसायटीत प्रत्येक जिन्यावर भेटतात. मी एक्क्याण्णव सालच्या संक्रांतीबद्दल बोलणार आहे.

त्या वर्षी हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून प्लगमध्ये खोचायचे छोटे दिवे लुटले. हाटकेशला कारखाना असलेल्या लीलाधरशेठनी शंभर नग फुकट दिले होते. फुकटची वस्तू कोण उलटून बघतं? चौथ्या दिवशी अध्यक्षबाईंचा तीन वर्षांचा नातू स्वरूप दिव्याला हात लावायला गेला आणि फेकला गेला. पोर वाचलं, पण बोटं भाजली. दिव्याच्या बाहेरच्या स्क्रूमध्येच करंट उतरत होता.

उर्मिलाताई तडक हाटकेशला गेल्या. शेठ म्हणाले, "बेन, मैंने बेचा थोडी है? भेट दिया है. भेट का कोई गॅरंटी मांगता है क्या?" तिथून त्या ठाण्याला वकिलाकडे गेल्या. त्यानं सांगितलं, "ज्यानं किंमत मोजली तो ग्राहक. तुमच्या बायकांनी काय मोजलं?"

म्हणजे विकत दिलेल्या वस्तूनं पोर भाजलं तर गुन्हा, आणि भेट दिलेल्या वस्तूनं भाजलं तर उपकार! हा कुठला न्याय?

हे मी आज विचारतेय. तेव्हा मंडळाच्या सभेत मीच उठून म्हणाले होते, "कायद्यानं आपल्यावर काही येत नाही. गप्प बसा, मंडळाचं नाव जाईल." माझी तीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्यात गेली होती. उर्मिलाताई म्हणाल्या, "नसेल येत, मॅडम. पण दिवा विकतचा आहे की भेटीचा, हे विजेला कुठं कळतं?" मला फार राग आला. समोरचा बरोबर बोलला की मला येतो.

दुसऱ्या दिवशी त्या दारोदार फिरायला लागल्या. दिलेलं वाण परत मागायचं! "सवाष्णीचं वाण परत? अपशकुन करताय का?" असं म्हणून एकीनं तोंडावर दार लावलं. तर ह्या बाई हळदीकुंकवाची कुयरी आणि स्टीलचे चमचे घेऊन पुन्हा तिच्याच दारात. "परत नेत नाहीये वहिनी, बदलून देतेय." आपण आलेलं वाण पुढे सरकवतो, हेही त्यांना माहीत. कुणाचा दिवा वसईच्या नणंदेकडे, कुणाचा कामवालीकडे. प्रत्येकीकडून पत्ता काढून त्या तिथं गेल्या. तीन आठवड्यांत नव्याण्णव दिवे जमले.

राहिलेला दिवा माझा होता.

माझ्या दारात त्या दोनदा आल्या. दोन्ही वेळा मी म्हणाले, "कपाटात असेल, शोधून देते." खोटं. माझी मासळीवाली चंद्रावती, तिच्या नातीच्या बारशाला मी तो नव्या कागदात गुंडाळून दिला होता. तिसऱ्या वेळी त्या आल्या तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही, दिवा कुठं आहे ते सांगून टाकलं. "चपला घाला," एवढंच म्हणाल्या.

घोडबंदरला चंद्रावतीच्या घरी दिवा पाळण्याशेजारी लावलेला होता. बटण चालू. पोरीचा हात पाळण्याबाहेर. उर्मिलाताईंनी आधी बटण बंद केलं, मग सगळं सांगितलं. चंद्रावती माझ्याकडे वळून कडाडली, "बिगाडलेली वस्तू हाय तर दिलीस कशाला गो? आमची पोर पोर न्हाय काय?"

उर्मिलाताई पुढे झाल्या. "मावशी, दिवे वाटले मी. यांना ठाऊक नव्हतं. चूक माझी." चंद्रावतीनं मग जे सुनावलं, ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी शेजारी उभी होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर दिवे शेठच्या टेबलावर ओतले आणि घरून नेलेल्या बत्त्यानं एकेक फोडला, पुन्हा कुणाला भेट जाऊ नयेत म्हणून. शेठ "बेन, बेन" करत राहिले.

चंद्रावतीबाई, उर्मिलाताईंना निरोप द्यायला तुम्ही एवढ्या लांबून येऊन तिसऱ्या रांगेत बसल्या आहात. चार वर्षं तुम्ही मला ताजं पापलेट देताय आणि चूक ह्यांची समजताय. स्वरूपची बोटं भाजल्याचं कळलं, तेव्हाच तो दिवा तुमच्या घरात आहे हे मला माहीत होतं. तीन आठवडे माहीत होतं. लाजेपोटी मी आले नाही. दोष माझा होता. उर्मिलाताई जाण्याआधी तुमच्यासमोर हे सांगायचं होतं.

मला बोलायला दिलंत, मंडळाचे आभार. माझ्या बोलण्यानं कुणी दुखावलं असेल तर माफ करा. आणि माफ करवत नसेल, तर आता उर्मिलाताईंना नको, माझ्या दारात येऊन मला बोला.